टाचेची नेमकी जागा

एसटीत कंडक्टर म्हणून मी बरीच वर्षं पेण-रोहा गाडीवर होते. कंडक्टरला बसायला जागा असते, बसायला वेळ नसतो. पेण सुटलं की वडखळपर्यंत तिकिटं. वडखळच्या नाक्यावर निम्मी माणसं बदलतात, म्हणून पुन्हा तिकिटं. डोलवीला शिफ्ट सुटली असेल तर कंपनीची माणसं डबे सांभाळत चढतात, म्हणून परत तिकिटं. नागोठणं मागे पडलं की जरा श्वास घेता येतो. पुढे भिसे खिंडीत गाडी वळणं घेते. एका हातात मशीन आणि दुसऱ्यात सुटे पैसे असतात, त्यामुळे तोल पायांनीच सांभाळावा लागतो.

त्या पायांतली उजवी टाच दुखायला लागली तेव्हा मी नेहमी करते तेच केलं. यादी केली आणि फ्रिजवर चिकटवली. मऊ चप्पल घेणे. मिठाच्या गरम पाण्यात पाय. बर्फाची बाटली पायाखाली फिरवणे. पोटऱ्या ताणणे. वजन. एकेक करून सगळं केलं, पुढे खुणा केल्या. यादी पूर्ण झाली आणि टाच तशीच राहिली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळ्यावर ठेवल्यासारखं व्हायचं. मोरीपर्यंत भिंत धरून जायचं, मग जरा सैल पडायचं, आणि संध्याकाळी गाडीतून उतरताना पुन्हा तेच.

पेणच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. तो उजेडासमोर धरून ते म्हणाले, "टाचेचं हाड थोडं वाढलंय. पण खरं दुखणं हाडाचं नाही, त्याला चिकटलेल्या तळव्याच्या पडद्याचं आहे. फार दिवस अंगावर काढलंत." इंजेक्शन नको असेल तर शॉकवेव्ह करून बघा म्हणाले. रोह्यात एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मशीन होतं. आठवड्यातून एकदा जायचं, आणि तोवर उभं राहायचं काम बंद.

हे ड्रायव्हरना सांगितलं. आमची जोडी जुनी. ते मला मॅडम म्हणत आणि गाडी सुरू असताना टोमणे मारत.

"शॉक म्हणजे करंट लावतात? बरंच झालं. बॅटरी उतरली की तुम्हालाच वायर जोडू."

"करंट नाही हो. धक्के देतात. हवेच्या दाबाचे."

"म्हणजे खड्डे! त्याला रोह्याला कशाला जायला हवं? ते तर आपण रोज फुकट खातो."

मी हसले. मग रजेचा अर्ज घेऊन आगारात साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. म्हणाले, "रजा घ्या. संपेपर्यंत फिट झालात तर तुमची गाडी तुम्हाला. नाही झालात तर लाईट ड्युटी देतो, पासच्या खिडकीत. बसून काम. पाच वाजता घरी. लोक ह्यासाठी वशिला लावतात, बाई."

ते खरंच होतं. मला मात्र ती खिडकी नको होती. एकदा खिडकीत बसलेला माणूस परत गाडीवर गेलेला मी आमच्या आगारात पाहिला नव्हता.

आणि पाच वाजता घरी जाऊन काय करायचं, हा प्रश्न होताच. मालकांना जाऊन काही वर्षं झाली. मुलगी नाशिकला, तिच्या संसारात. गाडीवर असताना मी रात्रीच घरी पोचायची. जेवण, भांडी, झोप. मधे मोकळी जागा उरत नव्हती. दिवसभर माणसांचे आवाज कानांत भरलेले असत, ते झोपेपर्यंत पुरत. पाच वाजता घरी आलं तर ते पुरणार नव्हते. मी सगळ्या गोष्टींची यादी करते, पण पाच ते दहा ह्या वेळात काय करायचं ह्याची यादी मला जमली नव्हती. म्हणून टाच रजेच्या आत बरी व्हायला हवी होती.

रजेचे पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. कपाटं लावली. डाळींच्या डब्यांवर नावं चिकटवली. गॅसची नळी बदलून घेतली. जुनी बिलं वर्षवार लावून दोऱ्यानं बांधली. त्यानंतर घरात करण्यासारखं काही उरलं नाही. दुपारी घड्याळाकडे पाहिलं की आता गाडी कुठे असेल ते सांगता यायचं. आता वडखळ. आता नागोठणं. आता रोह्याच्या स्टँडवर ड्रायव्हर चहाला उतरले असतील. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात भेटल्या की म्हणत, "रजेवर ना? मजा आहे तुमची," आणि दार लावून घेत. त्यांची काही चूक नव्हती, इतकी वर्षं मीच कधी त्यांच्या दारात थांबले नव्हते.

एकदा संध्याकाळी सायकलवरच्या पाववाल्याला हाक मारायला गेले तर आवाज खरखरला. घसा बसला की काय म्हणून पाणी प्यायले. मग लक्षात आलं, सकाळपासून तोंडातून एक शब्द निघाला नव्हता.

दर गुरुवारी मी रोह्याला जायची, माझ्याच गाडीनं, प्रवासी म्हणून. माझ्या जागी महाडकडची एक मुलगी आली होती. कामाला चोख होती. मी खिडकीशी बसायची आणि तिचं काम बघायचं नाही असं ठरवून बाहेर बघायची. पहिल्या गुरुवारी सुकी मासळी घेऊन बसणारी एक म्हातारी मला बघून ओरडली, "काय गो, आज बसून? साहेब झालीस का काय?"

"पाय दुखतोय, आजी."

"आमचा नाय दुखत व्हय?" असं म्हणून तिनं टोपली माझ्याच पायाशी सरकवली. दुसऱ्या गुरुवारी तिनं नवीन मुलीला "बाय गो, टोपलीचं नको लावू तिकीट" म्हणून मस्का लावला, जसा ती मला लावायची. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिसऱ्या गुरुवारी तेही नाही. मला राग आला नाही. गाडीत माणसं कंडक्टरशी बोलतात. ती जागा रिकामी राहत नाही, एवढंच.

रोह्याचा दवाखाना एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. टाच दुखणाऱ्या माणसाला जिना चढायला लावतात ह्याची मी मनात नोंद केली. फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पालथं झोपवलं, पाय टेबलाबाहेर काढला, टाचेला थंडगार जेल लावलं आणि मशीन दाखवलं. पेटीएवढं मशीन, त्याला नळी, आणि नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ.

"हवेच्या दाबानं आत एक छोटी गोळी पुढच्या टोकावर आपटते," मॅडम म्हणाल्या. "तो धक्का कातडीतून आत जातो. जुनं दुखणं असलं की शरीर तिथं दुरुस्ती करणं सोडून देतं. आपण धक्के देऊन त्याला परत कामाला लावतो. म्हणून घरी बर्फ लावायचा नाही, सूज उतरवायच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे आधीच सांगते."

हे मला आवडलं. माणसानं आधीच सांगावं.

"आता कुठे दुखतं ते दाखवा."

मी टाचेच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं. फोटोत हाड वाढलेलं दिसत होतं ते खालच्या बाजूला, मधोमध. मी फोटो नीट पाहिला होता. मॅडमनी आजूबाजूला अंगठा दाबून बघितला. "इथं? इथं?" प्रत्येक वेळी मी "ठीक आहे" म्हणाले.

मशीन सुरू झालं. टकटकटकटक, लोखंडी फळीवर हातोडी चालवावी तसा आवाज. धक्के टाचेतून पोटरीत चढत होते.

"शून्य ते दहा. दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं जास्त. किती दुखतंय?"

"दोन."

"दोनच? वाढवू थोडं?"

"वाढवा."

"आता?"

"दोन."

मी खोटं बोलत नव्हते. दहा म्हणजे काय, ते मी घरात पाहिलं होतं. मालकांचे शेवटचे महिने मी त्यांच्या पलंगाशी बसून काढले. त्यांना कुणी आकडा विचारला नव्हता, आणि विचारला असता तर दहा अपुरे पडले असते. त्या मापानं टाच म्हणजे दोनच. दोनही जास्त होते. मशीननं धक्के दिले, मॅडमनी मनगट वळवत मूठ त्या जागेवर फिरवली, टाच पुसली, आणि मी चप्पल घालून उतरले.

दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या गुरुवारी मॅडमनी मशीन सुरू केलं नाही. स्टूल ओढून त्या पायाशी बसल्या.

"सकाळचं दुखणं कमी झालं?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही."

"मग काही तरी चुकतंय. तुम्ही मला दोन सांगता. दोनवाल्या माणसाला इथवर यायची गरज पडत नाही. तुमचा चेहरा, राग नका मानू, तिकीट काढताना असतो तसाच राहतो. मी कुठेही दाबलं तरी."

मी टेबलावर उठून बसले.

"गाडीत उभ्या कशा राहता? दाखवा बरं."

मी म्हटलं, सरळ उभी राहते. त्या म्हणाल्या, नाही, उतरा खाली, करून दाखवा. त्यांनी बाहेरच्या प्रतीक्षेच्या जागेतून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणून समोरासमोर ठेवल्या आणि मधे वाट सोडली. दार उघडंच राहिलं. बाहेर खांद्याच्या दुखण्याचे दोन-तीन लोक बसले होते. त्यांत एक वयस्क मुस्लिम बाई होत्या, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांचा मुलगा दुबईला आहे, हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

मला लाज वाटत होती, पण सांगितलेलं काम मी अर्धवट करत नाही. अनवाणी खुर्च्यांच्या मधे उभी राहिले. कंबर डाव्या खुर्चीच्या पाठीला टेकवली. हातात मशीन धरल्यासारखं केलं. आणि उजवा पाय आपोआप बाहेर गेला, वाकडा झाला, आणि टाचेची आतली कड खुर्चीच्या पायाला घट्ट लागली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"टाच तिथं का अडकवलीत?"

मी खाली बघितलं. गाडी वळणावर असली की सीटच्या लोखंडी पायाला टाच लावून तोल धरायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी करते हे मला माहीतही नव्हतं. रोज, प्रत्येक सीटशी.

बाहेरून खाला ओरडल्या, "अगो, उभीच हायस तर येक पेण अर्धं तिकीट फाड! मी पन येते."

सगळे हसले. मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्या जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी तशाच अवस्थेत टाचेच्या आतल्या कडेला, जिथं तळवा सुरू होतो तिथं, अंगठा रोवला.

"आई गं!"

माझाच आवाज होता. बाहेरचं हसणं एकदम थांबलं.

"इथं," मॅडम म्हणाल्या.

"पण फोटोत तर मधे..."

"फोटो बाजूनं काढलेला असतो, ताई. खाली आहे एवढं त्यात कळतं, आत की बाहेर ते कळत नाही. मी तुमच्या बोटावर विश्वास ठेवला आणि तुम्ही फोटोवर."

त्या दिवशी धक्के त्या जागेवर बसले. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मॅडमनी विचारलं, किती? मी सवयीनं दोन म्हणणार होते.

"तुमच्यापुरतं सांगा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं नको."

त्यांना काय माहीत होतं कुणास ठाऊक. कदाचित सगळ्यांनाच तसं सांगत असतील.

"सात," मी म्हणाले. आणि टेबलाला तोंडापाशी असलेल्या फटीतून खाली फरशी दिसत होती, तिच्यावर माझ्या डोळ्यांतलं पाणी पडलं. टाचेच्या दुखण्यानं येतं त्यापेक्षा ते जास्त होतं. मॅडमनी दाब कमी केला, पण मशीन थांबवलं नाही, आणि दुसऱ्या हातानं माझा घोटा धरून ठेवला. आवाज सुरू होता म्हणून बाहेर काही ऐकू गेलं नसावं. बाहेर आले तेव्हा खालांनी त्यांच्या पिशवीतून खारी काढून माझ्या हातात ठेवली. "खा. दुखतं तर वरडायचं. मी तर पैल्या दिसापासून वरडते."

त्यानंतर गुण यायला लागला, पण सावकाश. सकाळी भिंत धरायची गरज एक दिवस पडली नाही, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. मॅडम आकडा विचारत, मी खरा सांगत गेले. सहा. सहा. पाच. आणि रजा संपत आली.

"अजून दीड-दोन महिने गाडीवर उभं राहू नका," मॅडमनी सांगितलं. "आत्ता गेलात तर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल. पेणच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मी चिठ्ठी देऊ?"

"नको," मी म्हणाले. "मी सांगते."

चिठ्ठी का नको म्हणाले, ते मला चांगलं माहीत होतं. परतताना गाडीत बसून मी सगळं ठरवून ठेवलं. डॉक्टर विचारतील, दुखतं का? मी नाही म्हणेन. ते फिट लिहितील. सोमवारी मी गाडीवर. टाच सीटच्या पायाला लावायची नाही, एवढं सांभाळायचं. नवीन मुलगी समोर तिकिटं काढत होती. कंपनीतून सुटलेला एक माणूस तिला म्हणत होता, "मॅडम, सुट्टे नाय, पुढं देतो," आणि ती म्हणत होती, "पुढं म्हणजे कुठं, गोव्याला?" गाडी हसली. असं उत्तर मी दिलं असतं. नागोठण्यापासून पेणपर्यंत मी "नाही, दुखत नाही" हे वाक्य मनात घोकलं.

डॉक्टरांकडे गर्दी होती. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी वर न बघता कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"काय, कसं आहे? दुखतं अजून? नसेल तर फिट लिहून टाकतो."

माझा चेहरा काही बोलणार नाही ह्याची मला खात्री होती.

"दुखतं," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"आतल्या कडेला. सकाळी पाच. दिवसभर उभं राहिलं तर जास्त होईल. रोह्याच्या मॅडम दोन महिने गाडी नको म्हणाल्यात."

कितीतरी आठवडे दर गुरुवारी खरा आकडा सांगून तोंडाला तशी सवय लागली असावी. दुसरं कारण मला सापडलेलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं, शिक्का मारला, पुढच्याला बोलावलं. मी बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आता माझी गाडी हातची गेली होती, हे मला कळत होतं.

सोमवारी मी पासच्या खिडकीत बसले. साहेबांनी खुर्चीवर उशी ठेवायला लावली होती. कॉलेजच्या पोरापोरींची रांग असते. काचेतल्या भोकातून हात येतो, फोटो येतो, कार्ड जातं. काम वाईट नाही. मी पहिल्याच दिवशी टेबलाचे खण लावून टाकले. रोह्याची गाडी फलाटाला लागली की आवाजावरून कळायचं. ड्रायव्हर एकदा खिडकीशी येऊन म्हणाले, "नवीन पोरगी बरी आहे, पण मी काही बोललो की हो काका म्हणते. मजा नाय." मग त्यांची वेळ झाली.

पाच वाजता खिडकी बंद झाली. स्टँडवरून घर जवळ आहे, सावकाश चाललं तरी लगेच येतं. कुलूप काढलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. चहा केला. कप धुतला. टाच शेकायची नव्हती, बर्फही लावायचा नव्हता. खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला.

मुलीचा फोन रविवारी येतो. त्या दिवशी सोमवार होता. मीच लावला. ती घाबरलीच.

"आई? काय झालं?"

"काही नाही. खिडकीत बसले आजपासून."

"अगं, बरं झालं ना! मी कधीची सांगतेय. पाय कसा आहे?"

"सुधारतोय."

"मग छान. आता आराम कर. संध्याकाळची मोकळी आहेस, देवळात जा, बायकांत बस. बरं वाटेल." मागे तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिनं फोन बाजूला धरून उत्तर दिलं. "हां, बोल आई. बरं आहे ना सगळं?"

हो म्हटलं की फोन संपणार होता. दर रविवारी असाच संपायचा.

"नाही," मी म्हणाले. "संध्याकाळी मला घरात करमत नाही. फार एकटं वाटतं."

मागे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पुष्कळ दिवस झाले. बाबा गेल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

तिकडे पुन्हा कुणीतरी तिला हाक मारली. ती त्यांना म्हणाली, "तुम्ही वाढून घ्या." मग मला म्हणाली, "थांब आई, ठेवू नको. दार लावून येते."

तिची पावलं दूर गेली, दाराचा आवाज झाला. मी फोन कानाला धरून बसून राहिले.